माझ्या इभ्रतीचे राखणदार

"काढ वं. लाजून काय राहिली? मी बाईच आहो."

पोलीसबाई असं म्हणाली आणि तिनं दार लोटलं. दाराला कडी नव्हती. सुतळी होती, ती तिनं खिळ्याला अडकवली. खोलीत जुन्या फायलींचे गठ्ठे, एक मोडकी खुर्ची, भिंतीला टेकवलेल्या काठ्या. मी पदर धरून उभी राहिले. तिनं पदर ओढला.

मालकिणीची सोन्याची चेन हरवली होती. अमरावतीच्या एका कॉलनीत मी तिच्याकडे धुणीभांडी करायची. बरीच वर्षं. तिच्या दोन्ही मुलींना मी न्हाऊ घातलं होतं. चेन सापडत नाही म्हटल्यावर तिनं मला विचारलंसुद्धा नाही. सरळ चौकीत फोन केला. मी ओटा पुसत होते. हातातलं फडकं हातातच राहिलं आणि मी जीपमध्ये बसले. शेजारच्या गॅलऱ्यांत बाया उभ्या होत्या.

चौकीत नाव विचारलं. माहेरचा पत्ता विचारला. लिहून घेतला. मग ती खोली.

साडी काढून झाली. पोलीसबाईनं ती झटकून पाहिली. "बाकीचंही," म्हणाली. मी हात जोडले. ती म्हणाली, "हात जोडू नको, वेळ जाते."

तेवढ्यात सुतळी निघाली. एक पोलीस आत आला. त्याला फाईल पाहिजे होती. मी भिंतीकडे वळले. पोलीसबाई त्याला बाहेर हो म्हणाली नाही. तो शोधत राहिला. एक गठ्ठा काढला, परत ठेवला. दुसरा काढला. घाई केली नाही. त्याचा चेहरा मी पाहिला नाही. त्याच्या बुटांचा आवाज ऐकला. तो अजून ऐकू येतो.

माझ्याजवळ काही सापडलं नाही. दिवस मावळताना सोडून दिलं.

चेन त्याच आठवड्यात सापडली. तुरीच्या डाळीच्या कोठीत. लग्नाला गावी जाताना मालकिणीनंच ती डाळीत पुरून ठेवली होती आणि विसरली होती. आमच्याकडे घराघरांत बाया असं सोनं ठेवतात. फोन करून हसली. म्हणाली, "अगं, सापडली बाई! माझंच डोकं. उद्यापासून ये. आणि मनावर घेऊ नकोस. एक साडी काढून ठेवलीये तुझ्यासाठी."

मला उलटून बोलता येतच नाही. लहानपणापासून अशीच. चौथीत शाळा सुटली तेव्हाही का सुटली ते मी विचारलं नाही. फोन ठेवला, सामान बांधलं आणि मुलीला घेऊन अकोल्याला भावाकडे आले. नवरा वारल्यापासून आम्ही दोघीच. भावाला सांगितलं, अमरावतीचं पाणी सोसत नाही. मुलीलाही तेच. ती नर्सिंग शिकते. हुशार आहे. तिनं काही विचारलं नाही, पण तिचा विश्वास बसला नव्हता.

जुन्या शहरात खोली घेतली. दालमिलमध्ये डाळ निवडायचं काम मिळालं. पहिल्या दिवशी समोर तुरीच्या डाळीचा ढीग टाकला आणि मला उलटी झाली. बाया म्हणाल्या, नवीन आहे, धूळ गेली असेल.

काही महिन्यांनी मिलच्या फाटकावर वैशालीताई आल्या. इथल्या एका साप्ताहिकात त्या बातम्या लिहितात. त्याच कॉलनीत पोळ्या करणारी शोभा मला ओळखते, तिनं पत्ता दिला होता. शोभालाही त्याच चौकीत, त्याच खोलीत नेलं होतं. आणखीही बाया होत्या म्हणे. सगळ्या घरकाम करणाऱ्या. वैशालीताईंनी सगळ्या बायांसमोर माझं नाव घेऊन विचारलं, "तुम्हीच ना त्या? अमरावतीच्या चौकीत नेलेल्या?"

मी म्हणाले, "मी नव्हे ती."

त्यांना आपली चूक कळली असावी. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, एकट्या. मुलगी कॉलेजला गेली होती. त्यांनी सांगितलं की माहितीच्या अधिकारात त्यांनी अर्ज केला आहे. कोणत्या बायांना चौकीत आणलं त्याची नोंद आणि व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं आहे. अर्ज मुद्दाम लवकर केला, कारण ते चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसून जातं. उत्तर आलं होतं, अशा कोणत्याही महिलेस आणल्याची नोंद आढळून येत नाही. त्यावर त्यांनी वरच्या साहेबाकडे अपील केलं होतं.

"तुम्ही काही बोलायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त सांगायला आले."

मी चहासुद्धा विचारला नाही. त्या गेल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. नोंद नाही. म्हणजे झालंच नाही. मीही तसंच धरून चालले होते.

मग मला रजिस्टर पत्र आलं, माहेरच्या पत्त्यावर, भावाकडे. अमरावतीच्या पोलिसांच्या मोठ्या कार्यालयातून. मी ते अक्षर लावून लावून वाचलं. आपल्यासंबंधीची माहिती एका अर्जदाराने मागितली आहे, ती देण्यास आपली हरकत असल्यास कळवावे, असं काहीतरी. मला चौकीत नेलं होतं एवढं भावाला सांगावंच लागलं. तो म्हणाला, "जाऊन नाही म्हणून ये. पोरीचं लगन व्हायचं आहे. कायले उकरायचं ते?"

मुलीला कॉलेजला सुट्टी होती. ती म्हणाली, मी येते. मी म्हणाले, जुन्या कामाचा कागद आहे. ती आलीच.

कार्यालयात तिला बाहेर बाकावर बसवलं. मी आत गेले. साहेबानं मला खुर्ची दिली. पोलिसाच्या खोलीत मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी खुर्ची दिली. पंखाही वाढवायला सांगितला.

"बाई," साहेब म्हणाले, "हा तुमच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. हे पत्रकार लोक काहीही छापतात. आम्ही तुमचं नाव बाहेर जाऊ देणार नाही. फक्त तुमची हरकत पाहिजे."

बाबूनं एक टाइप केलेला कागद माझ्यासमोर ठेवला. विचारलं नाही. शाईची डबी उघडली आणि माझा हात धरून अंगठा डबीकडे नेला. तसाच. पदर ओढला होता तसाच.

मी हात काढून घेतला.

"मले वाचू द्या," मी म्हणाले.

"काय वाचता त्यात?" बाबू म्हणाला. "तुमच्याच भल्याचं आहे. लावा आंगठा, दुपारची गाडी भेटून जाईन."

मी वाचलं. बोट ठेवून वाचलं. वेळ लागला. साहेबानं घड्याळ पाहिलं. कागदावर लिहिलं होतं की अमुक तारखेस मला चौकशीकरिता चौकीत आणले होते, त्या वेळची नोंद व चित्रण देण्यास माझी हरकत आहे. तारीख बरोबर होती.

म्हणजे नोंद होती. वैशालीताईंना नाही म्हणून सांगितलेली नोंद. चित्रणही होतं. मला लपवून ठेवण्यासाठी त्यांना मला आधी शोधून काढावं लागलं होतं.

"मुलगी लग्नाची आहे ना तुमची?" साहेब म्हणाले. आवाज मऊ होता. "नर्सिंगला आहे. चांगलं स्थळ येईल. विचार करा."

मी त्यांना मुलीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट मला तेव्हा स्पष्ट दिसली. ज्या दिवशी मी त्या खोलीत उभी होते, त्या दिवशी माझी इभ्रत कोणाला आठवली नाही. दाराला कडी लावावी एवढीही नाही. आज त्यांना तिची काळजी होती. कारण आज ती झाकली तर ते झाकले जाणार होते.

"पेन द्या," मी म्हणाले.

"अंगठा चालतो, बाई."

"मले लिवता येते."

बाबू साहेबाकडे पाहून हसला. पण पेन दिला. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. माझी हरकत नाही. सगळं द्यावं. माझं नाव झाकू नये. खाली सही केली. अक्षर वाकडं आलं. पोच मागितली. बाबू म्हणाला, "याची पोच भेटत नसते." मी बसून राहिले. बोलता येत नसलं तरी मला बसता येतं. शेवटी त्यानं शिक्का मारून दिली. साहेब म्हणाले, "पस्तावाल." आता आवाज मऊ नव्हता.

मुलीला मी बसस्टँडच्या वाटेवर सांगितलं. चालता चालता, तिच्याकडे न पाहता. सगळं. सुतळी, पोलीसबाई, फाईल शोधणारा तो माणूस. ती गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. मूर्तिजापूर येईपर्यंत वळली नाही. मला वाटलं, मी तिला गमावलं.

मूर्तिजापूर मागे पडल्यावर ती म्हणाली, "माय, मले काहून नाई सांगतलं?"

मी पिशवीतली पोच काढून तिच्या हातात दिली.

"तो कोण होता? फाईल घ्याले आलेला?"

"माहीत नाही. मी तोंड नाही पाहिलं."

"कॅमेरा व्हरांड्यात आहे ना? मंग तो आत जाताना दिसंन. बाहेर येतानाबी दिसंन. किती वेळ आत होता तेबी."

मी हे कधी मनातच आणलं नव्हतं. त्या चित्रणात मीच दिसणार, एवढंच मी धरून बसले होते. तिनं मला अजून माफ केलेलं नाही. घरात नीट बोलत नाही. भाऊ तर बोलतच नाही.

चित्रण अजून मिळालेलं नाही. अपिलाच्या पुढच्या सुनावणीला वैशालीताई जाणार आहेत. मी त्यांना कळवलं आहे, मीही येणार. भरपाई, साडी, मला काही नको. चित्रण पुसलं म्हणाले तर कोणी पुसलं ते मी विचारणार. नोंद हरवली म्हणाले तर माझ्या नावाचा कागद कशावरून टाइप केला ते विचारणार. आवाज फुटला नाही तर लिहून देणार.

त्या खोलीत मी भिंतीकडे तोंड केलं होतं. आता करणार नाही. त्यानं करावं.