दगडफुलाच्या रंगाची भिंत

आमच्या स्कॉटलंडमधल्या, डंडीतल्या वहिनी रस्त्यात मध्येच थांबायच्या. सोबतचं माणूस पुढं गेलं की मागून हाक यायची, "अगं, हे बघ." बघायचं काय, तर पावसात भिजलेलं पाटीच्या दगडाचं छप्पर, नाहीतर मासळीच्या दुकानात बर्फावर ठेवलेल्या मॅकरेलची पाठ. मी थंडीनं काकडत असायचे आणि या शांतपणे विचारायच्या, "या रंगाची इरकल कशी दिसेल गं?"

त्यांनी पाहिलेलं सगळं त्यांच्या अंगावरच्या कपड्यांत उतरायचं. आम्ही बाकीच्या जणी साडीवर नवऱ्याचे जुने पुलओव्हर चढवून गबाळ्यासारख्या हिंडायचो. वहिनींचं कार्डिगन त्या ओल्या छपराच्या करड्या रंगाचं, आणि ब्लाउजला पिवळी पायपिंग. ती कुठून आली, तर शाळेपुढं मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईच्या कोटावरून. "डोंगर टूरिस्टांना बघू देत," त्या म्हणायच्या, "आपले रंग बसस्टॉपवर मिळतात."

घरात मात्र त्यांचं काही चालत नसे. ऐंशीच्या दशकात आमच्या सगळ्यांच्याच घरांच्या भिंती मॅग्नोलिया नावाच्या त्या दुधट, निरुपद्रवी रंगाच्या होत्या. परतच जायचंय, मग रंगवायच्या कशाला? माझा नवराही नाशिकच्या नोकऱ्यांच्या जाहिराती कापून ठेवायचा. वहिनींचे यजमान, म्हणजे आमचे डॉक्टर दादा, सगळ्यांत पक्के. एका रविवारी त्यांच्याकडे जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "पुण्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. घर विकायला काढू. समरला निघायचं." वहिनी पोळी वाढत होत्या. त्यांनी दादांना आणखी एक वाढली.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर त्या म्हणाल्या, "मला नाही जायचं गं. इथं मला दिसायला लागलंय. तिथं गेले की मी परत नुसती यांची बायको."

"मग दादांना सांगा ना."

"सांगेन."

सांगितलं नाहीच. त्याच आठवड्यात त्यांनी बंदराच्या भिंतीवरचा एक केशरी पिवळा पापुद्रा खरवडून रुमालात बांधून आणला. "आपलं गोड्या मसाल्यातलं दगडफूलच की," त्या म्हणाल्या, "फक्त इथलं हळद लावून आलंय." रंगाच्या दुकानात त्याला जुळणारा डबा करून घेतला आणि दादा हॉस्पिटलात असताना आम्ही दोघींनी फ्रंटरूमची मोठी भिंत रंगवली. रंग सुरेख होता, पण माझे कान सारखे दाराकडं.

दादा आले. कोट न काढता भिंतीसमोर उभे राहिले.

"हे काय आहे?"

"दगडफुलाचा रंग."

"अगं, हे घर विकायचंय आपल्याला."

वहिनींनी ब्रश डब्याच्या काठावर निपटला. आता सांगतील, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "चहा ठेवते," आणि आत गेल्या. मला त्यांचा इतका राग आला की दंडाला धरून बाहेर आणावंसं वाटलं. दादा माझ्याकडं बघत होते आणि मी जमिनीकडं.

दादा त्या भिंतीबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. फक्त पेपर घेऊन किचनमध्ये बसू लागले. हिवाळाभर ते किचनमध्ये आणि वहिनी फ्रंटरूममध्ये. त्यांच्या घरी गेलं की मला कुठं बसावं कळायचं नाही. वसंतात पेंटर येऊन भिंतीवर मॅग्नोलिया फासून गेला, आणि घर विकलं गेलं.

स्टेशनवर दादा सामान चढवत होते. वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्यांनी तेच करडं कार्डिगन घातलं होतं.

"मला वाटलं, भिंत बघून यांना कळेल," त्या म्हणाल्या. "यांना वाटलं, बायकोला रंगाची हौस आलीय. त्यांची काय चूक गं? मी सांगितलंच कुठं?" मग माझा हात दाबून म्हणाल्या, "तू भिंती रंगवत बसू नकोस."

गाडी गेली. मी रडत घरी आले. नवरा टेबलापाशी कात्री घेऊन पेपर चाळत होता. मी कोटसुद्धा काढला नाही. तसंच त्याच्यासमोर बसून म्हटलं, "मला नाशिकला जायचं नाहीये."