आक्कांची आडवी खाट

बेळगावात कायदा कुठं राहतो असं कुणी विचारलं, तर मी कोर्टाकडं बोट दाखवणार नाही. तो टिळकवाडीत, आमच्या समोरच्या घरात राहतो. त्या घरात निपाणीच्या आक्का असतात. तंबाखूच्या जैन व्यापाऱ्याची लेक, अंगानं मूठभर, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्रीही गप्प बसतात. सकाळी फाटकात उभं राहून त्या येणाऱ्याजाणाऱ्यांची डोकी तपासतात. कुणी बिनहेल्मेटचा दिसला की संपलंच! "डोकं घरात ठेवून आलास काय रं?" एकदा चक्क पोलीसच बोडक्यानं आला, तर त्याला कानडीतून असा धुतला की बिचारा गाडी ढकलत परत गेला. उघडं गटार, लोंबणारी वायर, रस्त्यात वाळत घातलेल्या शेवया, कशालाच माफी नाही.

पण आक्कांचा खरा अवतार बघावा तो गणपतीत. आमच्या गल्लीचा मंडप पूर्वी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असायचा, खालून माणूस जाईल, पण गाडी न्हाय. मंडळाचे अध्यक्ष माझे सासरे. ॲम्ब्युलन्सपुरती वाट सोडा म्हणून आक्का त्यांच्या मागंच लागल्या.

"अहो आक्का, रीतसर परवानगी काढलीय आम्ही," सासरे म्हणाले. "चार दिवसांत कुणाला काय होतंय?"

"परवानगीनं मंडप उभा राहतोय आप्पा, पडलेला माणूस न्हाय!"

सूर्य मावळायच्या आत आक्कांचं जेवण व्हावंच लागतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. तेव्हा मंडळींनी लई हुशारी करून मीटिंग मुद्दाम त्या वेळेला ठेवली. आक्का ताट घेऊनच आल्या! आमच्या कट्ट्यावर बसून भाकरी कुस्करता कुस्करता एकेकाला गप्प केलं, आणि उजेड आहे तोवर जेवण आणि ठराव दोन्ही संपवून हात धुतले.

नुसत्या ठरावावर विश्वास ठेवतील तर त्या आक्का कसल्या? खांब उभे राहिल्यावर त्यांनी आपली लग्नातली शिसवी खाट बाहेर काढली आणि मंडळाच्याच लोकांना ती गल्लीभर आडवी धरून न्यायला लावली. आडवी खाट म्हणजे ॲम्ब्युलन्सची रुंदी; ती जिथं अडेल तिथला खांब हलायचा. तेव्हापासून दरवर्षी गणपतीच्या आधी खाटेची मिरवणूक! लोक पोट धरून हसायचे. सासरे मात्र धुसफुसायचे, "अध्यक्ष मी हाय का ती खाट?"

आणि एका वर्षी ऐन दुपारच्या आरतीत, हातात तबक असतानाच, सासऱ्यांच्या छातीत कळ आली. ते मंडपातच खाली बसले, घामानं न्हाऊन निघाले. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती कुठं न अडता सरळ आमच्या दारात आली. पुढं अनवाणी पळत आक्का, "या, बिनघोर या! माप घेतलंय!" वेळेत पोचलात, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला फक्त ती खाट दिसत होती. माझं भरलं घर आक्कांनी राखलं. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

यंदा आक्कांचे गुडघे पार गेले. त्या खिडकीतच बसून होत्या. खाट न्यायला कुणी जाईल का, अशी धाकधूक मला होती; तर सासरेच पहिले त्यांच्या दारात हजर. खाट उचलायला त्यांना बंदी आहे, म्हणून पुढं चालत ओरडत होते, "आडवी धरा रं, आडवी!" खाट कुठंच अडली नाही. तरी त्यांनी आमच्या दारासमोरचा खांब आणखी हातभर मागं घ्यायला लावला.

खिडकीतून आवाज आला, "आप्पा, बसतीय की खाट! आणि कशाला हलवताय?"

"असू द्या आक्का," सासरे म्हणाले. "मी ह्याच वाटेनं परत आलोय."

ऊन उतरलं होतं. आक्कांनी पदरानं डोळे टिपले आणि जेवायची वेळ झाली म्हणत खिडकी अर्धी लोटून घेतली.