वळूच्या कांड्या आणि आमची भाऊबीज

आमच्या संसारातलं सगळ्यात मोठं भांडण वळूच्या वीर्यावरून झालं.

हसा. आता मीही हसते. तेव्हा नाही हसले.

यांना जाऊन आज वर्ष झालं. नात म्हणाली, आजी, आजोबांचा एक छान फोटो टाक. अगं, आणू कुठून? हा माणूस कॅमेऱ्यासमोर तरी कधी स्वस्थ उभा राहिला का? सगळ्या फोटोंत हललेले आहेत.

तर गोष्ट पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची असेल. हे गुरांचे डॉक्टर, बदली कोकणात, हेदवीच्या बाजूला. गायींना कृत्रिम रेतन त्या गावात नवीनच होतं. लोक "सुईची वासरं" म्हणून चेष्टा करायचे, गाय आणायला कोणी तयार नाही. यांची नुसती तगमग.

वळूचं वीर्य बारीक कांड्यांत भरलेलं, आणि त्या कांड्या बर्फाहून कितीतरी थंड अशा पातळ नायट्रोजनच्या कॅनमध्ये. दवाखान्याचं छप्पर गळायचं, म्हणून पावसाळाभर कॅन आमच्या क्वार्टरमध्ये. मी देवापुढे दिवा लावायच्या आत हे कॅनमध्ये काठी बुडवून मोकळे. बाहेर काढून हवेत हलवायची, जिथवर पांढरं धरेल तिथवर नायट्रोजन.

"अहो, कोण पिणार आहे तो?"

"तुला कळत नाही. वळू कितीही भारी असू दे. कांडीला जरा ऊब लागली, ऊन लागलं की आतलं सगळं मेलं. मग गाय गाभण राहत नाही, फिरून माजावर येते आणि शिव्या मला."

अखेर एक पार्वतीबाई तयार झाल्या. नवरा मुंबईला गोदीत, दारात एकच गाय. तिची माजावर यायची वेळ नेमकी गणपतीत येत होती. ही गाय गाभण राहिली तर सगळं गाव गायी घेऊन येणार, नाही तर कायमचं हसं.

आणि गणपतीला आला बंड्या. माझा धाकटा भाऊ. पोफळीला वीजघरात नोकरी, त्यामुळे दिवे, मोटारी, सगळ्यात हात. त्या वर्षी गणपतीच्या आराशीला कैलास पर्वत केला.

"ताई, आज कैलासावर ढग आणतो. बघच तू!"

मी स्वयंपाकघरात मोदकांत गुंतलेली. आरतीला बाहेर आले तर काय, पर्वतातून पांढरे ढग खाली वाहतायत! शेजारीपाजारी टाळ्या पिटतायत. "परत कर, परत कर!" बंड्याने परत केलं.

एवढ्यात हे आले. यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या हो!

मग चेहरा उतरला. "बंड्या, हे कशाचं रे?"

हे तसेच कॅनकडे धावले, काठी बुडवली. टोकाला जेमतेम पांढरं धरलं. बाकीचा नायट्रोजन कैलासावर ढग होऊन उडाला होता.

मी यांना तसं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. गणपतीसमोर, सगळ्यांसमोर. "पार्वतीबाईंची गाय गाभण राहिल्याशिवाय या घरात तोंड दाखवू नकोस!"

बंड्या सकाळच्या पहिल्या एसटीने गेला. मोदकांचा डबा तसाच राहिला.

नायट्रोजनची गाडी सणानंतर येणार. सकाळी यांनी एक कांडी कोमट पाण्यात धरली, थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मला हाक मारली. मी पूजेच्या पातळात.

"बघ. हलतायत का सांग. मला आता हवं तेच दिसतंय."

शी! वळूचं ते, आणि मी सोवळ्यात! पण हे बाजूला सरकून उभे राहिले. बघितलं.

"थोडे हलतायत," मी म्हटलं. "बरेच गप्प आहेत."

पार्वतीबाई गाय घेऊन आल्या तेव्हा यांनी सगळं खरं सांगून टाकलं. घरच्याच माणसाने घोळ घातलाय, फुकट जाईल कदाचित.

"घाला," त्या म्हणाल्या. "नाय ऱ्हायली तर परत घेवन येन. तुमी सांगितलात तरी. दुसरा कोन सांगता?"

तीन आठवडे हे काही ना काही निमित्त काढून त्या गोठ्यावरून जात होते. आणि गाय फिरून माजावर आलीच. पार्वतीबाई बोलल्याप्रमाणे परत आल्या. तोवर नायट्रोजन, कांड्या, सगळं नवीन आलं होतं; यांनी पुन्हा रेतन केलं.

इकडे माझं काय? माझा भाऊ त्या गायीच्या पोटात अडकला होता! दिवाळी तोंडावर आली.

"बंड्याला पत्र टाकू?"

"गाय राहू दे आधी."

"गाय राहो नाहीतर खड्ड्यात जावो, भाऊ आहे तो माझा!"

हे उठले, ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागले.

भाऊबीजेला पहाटे उठले तर हे गायब. कुठे गेले, सांगायची पद्धतच नव्हती. दुपारपर्यंत माझा नुसता संताप. ओवाळू कोणाला? चंद्राला?

तीनच्या एसटीने दोघं दारात. हे पुढे, मागे बंड्या, मान खाली.

मला पहिलं सुचलं ते विचारलं, "गाय राहिली?"

"माहीत नाही. अजून हात घालून तपासलं तरी कळायचं नाही."

"मग याला आणलंत कसं?"

चपला काढता काढता म्हणाले, "गायीचं कळायला महिना जाईल. भाऊबीज आज आहे."

पार्वतीबाईंच्या गायीला पुढे पाडी झाली, गावही आलं. पण खरं सांगू? नसती झाली तरी मला चाललं असतं.

अहो, मी येते हं मागून. तोवर नमस्कार.