रिंगा तुळशी बसवते

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये हरिचंद्र भोईरचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक अरुंद गाळा. आत टेबल, सुटे भाग घट्ट पकडायचा व्हाइस आणि तेलाने काळी पडलेली फरशी. मोटारसायकली बाहेर रस्त्यालाच उभ्या असतात. हरिचंद्र राहतो पालेगावला. घराच्या मागे त्याच्या आजोबांची भाताची खाचरं होती. आता तिथे इमारती झाल्यात आणि दुपारनंतर त्यांची सावली याच्या अंगणात पडते. शेतीत त्याचं मन कधी नव्हतंच. शाळा सुटली तसा तो एका सिंधी मिस्त्रीकडे कामाला लागला आणि तिथेच इंजिन शिकला. पंक्चर, ब्रेक, क्लच कोणीही करतो. इंजिन खोलायचं असलं की लोक म्हणायचे, हरिभाऊकडे जा.

इंजिन बांधताना एक काम असं असतं की तिथे घाई चालत नाही. पिस्टनच्या खाचांत रिंगा बसवलेल्या असतात. वरून ब्लॉक, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वरखाली होतो ते, हळूहळू खाली उतरवायचा आणि एकेक रिंग चहूबाजूंनी बोटांनी दाबून आत घ्यायची. रिंग बिडाची असते. जरा तिरपी अडली आणि वरून जोर दिला की मोडते. ती अडली आहे हे धड दिसत नाही. बोटांना कळतं.

हरिचंद्रच्या बोटांना ते कळेनासं झालं.

साखर त्याला बऱ्याच वर्षांपासून होती. आधी तळपाय बधिर झाले, त्याचं त्याला काही वाटलं नाही. मग बोटांची टोकं. एकदा गरम सायलेन्सरला हात टेकून तो गिऱ्हाइकाशी बोलत राहिला आणि कातडी जळाल्याचा वास गिऱ्हाइकालाच आधी आला. डॉक्टर म्हणाले, "साखरेनं नसांवर परिणाम होतो. गोळ्या घ्या, पण गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही." हरिचंद्रने घरी फक्त गोळ्यांचं सांगितलं.

मग कमलेशची गाडी परत आली. कमलेश पापडाच्या एका व्यापाऱ्याकडे माल पोचवायचा. अंबरनाथ, बदलापूर, सगळं त्याच गाडीवर. गाडी बंद करून तो खाली उतरला तरी मागे निळसर धूर रेंगाळत होता.

"चाचा, देखो ना कितना धुआं है. इंजिन तर आत्ताच केलं ना आपण?"

हरिचंद्रने इंजिन खोललं. ऑइल रिंगची, म्हणजे सगळ्यात खालच्या रिंगेची, पातळ पट्टी खाचेतून निसटून चेपली होती आणि ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओरखडा होता. बसवताना ती अडली असणार. त्याने जोर दिला असणार. त्याला काहीच आठवेना, कारण त्याला काही जाणवलंच नव्हतं.

"माझ्याकडून झालंय," तो म्हणाला. "ठेव गाडी. परत करून देतो."

कमलेशने किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं हरिचंद्रला वाटलं.

दुसरा ब्लॉक आला, नव्या रिंगा आल्या. त्या दिवशी दुपारी तुळशी डबा घेऊन आली. तुळशी त्याची बायको. कॅम्पमधल्या एका सिंधी घरी ती वर्षानुवर्षं पापड लाटायला जात होती. ते काम बंद पडल्यापासून नवऱ्याचा डबा ती स्वतः आणून द्यायची. ती आली तेव्हा हरिचंद्र ब्लॉकवर ओणवा झाला होता, घाम नाकावरून टपकत होता. टक्क आवाज झाला. त्याने ब्लॉक उचलला. वरची रिंग मोडून दोन तुकडे झाले होते.

तो तसाच स्टुलावर बसला. हात मांडीवर पालथे ठेवून.

तुळशीने डबा टेबलावर ठेवला. "बोटांना लागत नाय ना तुमच्या?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? परवा गॅसवरचं पातेलं फडक्याबिगर उतरवलंत. मी बघत व्हते."

मोडलेल्या रिंगेच्या जागी दुसरी आणून त्याने खाचेत बसवली, तिचं तोंड, म्हणजे दोन टोकांमधली फट, बाकीच्यांच्या तोंडासमोर येणार नाही असं फिरवलं. एवढं डोळ्यांनी जमत होतं. मग ब्लॉक हातात धरून तो तसाच थांबला. तुळशीने पदर खोचला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि त्याच्या समोर उकिडवी बसली.

"दाबायची कशी, ते सांगा."

"तुला नाही जमणार."

"तुमाला तरी कुठं जमतंय?"

त्याने सांगितलं. वरची रिंग आधी. दोन्ही हातांची बोटं दोन्ही बाजूंनी. आवळायचं नाही, नुसतं मिटून धरायचं. मी ब्लॉक खाली सोडतो, अडलं की बोल. तुळशीची बोटं तेलात बुडाली. "थांबा," ती म्हणाली. "हितं एक टोक बाहेर हाय." तिने ते नखाने आत घेतलं. "आता सोडा." ब्लॉक खाली उतरला. दुसरी रिंग गेली. ऑइल रिंगच्या पातळ पट्ट्यांना फार वेळ लागला, दोनदा ब्लॉक वर घ्यावा लागला. शेवटी ब्लॉक खाली पॅकिंगवर टेकला तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. तुळशीच्या गुडघ्यांत कळ आली होती. तिला उठवायला त्याने हात दिला.

कमलेशची गाडी नीट झाली. धूर बंद झाला.

तेव्हापासून इंजिनाचं काम असलं की तुळशी येऊ लागली. पण हरिचंद्रने एक गोष्ट केली. रिंगा बसवायच्या वेळी तो शटर अर्ध्यावर ओढायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "धूळ नको आत जायला." गिऱ्हाईक बाहेर चहा पीत उभं राहायचं आणि आत तुळशी बल्बच्या उजेडात बोटं मिटून धरायची. काम झालं की ती मागच्या मोरीत साबणाने हात घासायची आणि डबा आवरून बसायची, जणू डबाच द्यायला आली होती. इंजिन सुरू झालं की लोक हरिभाऊच्या पाठीवर थाप मारायचे. तो "हं" म्हणायचा.

त्यांची मुलगी नूतन बदलापूरला कात्रपमध्ये राहते. तिला कळलं तेव्हा ती रागावली. "आई, तुझे गुडघे बघ. बाबांना सांग, गाळा भाड्याने द्या आणि या इकडे."

"तिकडं येऊन त्ये काय करतील?" तुळशी म्हणाली. "बाल्कनीत उभं राहून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकत बसतील."

उन्हाळा चढला. मे महिन्यात गाळ्याचा पत्रा तापून आत उभं राहवेना. एके दुपारी अंबरनाथचे महिपतीकाका गाडी घेऊन आले होते. हरिचंद्रचं अगदी जुनं गिऱ्हाईक. ते बाहेर कमलेशशी बोलत बसले. तो ब्रेक घट्ट करून घ्यायला आला होता. आत शटर अर्धं खाली. दोन रिंगा गेल्या होत्या. तिसरीच्या वेळी तुळशीला समोरचा पिस्टन फिरल्यासारखा दिसू लागला. तिने बोटं सोडली नाहीत, फक्त म्हणाली, "शटर वर करा."

"बाहेर माणसं आहेत."

"मना गरम व्हतंय. शटर वर करा, नायतर मी उठते."

हरिचंद्र ब्लॉक धरून बसला होता. तो सोडता येईना. क्षणभर त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते लाल झालं होतं, केस कपाळाला चिकटले होते. त्याने हाक मारली, "कमलेश, शटर वर कर रे."

शटर खडखडत वर गेलं. उजेड आत आला, वारं आलं. महिपतीकाका दारात उभे होते. त्यांनी तुळशीच्या तेलकट हातांकडे पाहिलं, मग हरिचंद्रकडे.

"हरी, हे काय?"

"माझी बोटं गेलीत काका," हरिचंद्र म्हणाला. "रिंगा हीच बसवते. बरेच दिवस झाले."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं."

महिपतीकाका ओशाळल्यासारखे हसले. इंजिन खोललेलंच होतं, त्यामुळे गाडी तशीच उचलून दुसरीकडे नेणं शक्य नव्हतं. संध्याकाळी ती सुरू झाली, चांगली झाली. ते घेऊनही गेले. पण पुढच्या वेळी त्यांची गाडी स्टेशनजवळच्या दुसऱ्या गॅरेजबाहेर उभी दिसली. आणखीही काही जण तसेच गेले. कमलेश गेला नाही. त्या दुपारी तो कोपऱ्यावरून ताक घेऊन आला आणि तुळशीपुढे धरत म्हणाला, "चाची, पहिले ये पियो. बाकी बाद में."

त्या संध्याकाळी घरी जाताना शेअर रिक्षात तुळशी बसल्या बसल्या झोपली. नूतनने गाडी न चालवायची शपथ घातली होती, म्हणून हरिचंद्र अलीकडे रिक्षानेच यायचा. वळणावर तुळशीचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. त्याला ते जाणवलं. घरी पोचल्यावर ती पडवीतच आडवी झाली. त्याने आत जाऊन तांदूळ धुतले. पाणी जास्त झालं, भात गिचका झाला. ती उठून जेवली आणि भातावर काहीच बोलली नाही.

"उद्या येऊ नकोस," तो म्हणाला.

"उद्या कोणाचं इंजिन हाय?"

"त्या दूधवाल्याचं."

"मग?"

त्याने दोघांची ताटं उचलली.

आता शटर पूर्ण वर असतं. इंजिनाची कामं पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत, आणि दोघांनाही त्याचं फारसं वाईट वाटत नाही. हरिचंद्रने टेबलाचे पाय उंच करून घेतले आणि इंजिन आता तो त्यावरच बांधतो, त्यामुळे तुळशीला उकिडवं बसावं लागत नाही. मध्यंतरी शेजारच्या दुकानातल्या बाईने तिला कौतुकाने विचारलं, "आवडत असेल ना तुम्हाला हे काम? बायका कुठे करतात असं!"

तुळशी रॉकेलच्या बोळ्याने बोटं पुसत होती. "आवडायचं काय त्यात?" ती म्हणाली. "तेलाचा वास जात नाय. भाकरीलासुद्धा येतो." मग आतून हरिचंद्रने ब्लॉक उचलल्याचा आवाज आला, आणि ती बोळा ठेवून आत गेली.