उल्कान एजेची सरळ मान

किर्गिझस्तानातल्या नारिन शहरात, घरं गरम ठेवणाऱ्या हीटिंग खात्यात सव्वीस वर्षं फोन घेऊन घेऊन उल्कान एजेची, म्हणजे उल्कानताईची, मान डावीकडे झुकली ती झुकलीच. रिसिव्हर खांद्यात दाबायचा आणि हाताने पत्ता लिहायचा. नवरा विचारी, "माझ्याकडे प्रेमाने झुकतेस की काय?" ती म्हणे, "तक्रार नोंदव, मग बघू."

शेवटी तिने बिनतारी हेडसेट मागितले. मेदेरबेक साहेब हसले. "एजे, या वयात कानात दागिने? घ्या, तुम्हीच निवडा. पण फसलं तर फोन सोडायचा आणि तळघरात फायली लावायच्या."

दुकानदाराने दोन्ही कान झाकणारा हेडसेट पुढे केला. "मग किटली उकळल्याचं मला कोण सांगणार?" असं म्हणत एजेने तो बाजूला सारला. एका कानाचा हवा, डोक्यावरच्या रुमालावरून घसरायला नको आणि चार्जिंग पाळीभर टिकायला हवं. एकेक हेडसेट लावून ती बोलत बोलत जिन्याखाली, जाड भिंतीमागे जाई. आवाज तुटला की तो बाद. सहावा टिकला. फोनवरच्या सहाजणींसाठी तसे सहा घेतले.

तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी सगळ्यांत थोरली अनारकुल एजे रजेवरून परतली आणि चहानंतर घोळ झाला. अनारकुलचा फोन वाजला, तिने बटण दाबलं आणि गिऱ्हाइकाची शिवी उल्कानच्या कानात! सकाळी सगळं ठीक, दुपारी पुन्हा तेच. राजधानी बिश्केकहून एक इंजिनियर आला. त्याने टेबलं लांब केली, चॅनल बदलले आणि शेवटी डोंगरांना दोष दिला.

"शुक्रवारपर्यंत बघतो," साहेब म्हणाले, "मग हेडसेटच्या पेट्या परत बिश्केकला आणि तुम्ही तळघरात."

बुधवारी मात्र काहीच बिघडलं नाही. इंजिनियर मिशीतल्या मिशीत हसला. उल्कान हसली नाही. बुधवारी वेगळं काय झालं? डोंगर तर जागेवरच होते. नव्हती ती अनारकुल, दात काढायला गेली होती.

गुरुवारी फोनच्याच टेबलांवर चहा आला तेव्हा उल्कान नुसती बघत बसली. अनारकुल आली तशी तिला दारापासून लांबची मानाची जागा द्यायला सगळ्याजणी वयाप्रमाणे एकेक खुर्ची सरकल्या. आणि प्रत्येकीने आपला हेडसेट समोर दिसेल त्या चार्जरवर ठेवला. चहा झाल्यावर जी ती आपापला हेडसेट ओळखून जागेवर परतली.

उल्कानने आपला हेडसेट मुद्दाम अनारकुलच्या चार्जरवर टेकवून उचलला आणि त्या फोनला कॉल लावला. आवाज आला तो उल्कानच्या कानात. ज्या चार्जरवर बसेल त्याच फोनचा होतो, लबाड! संध्याकाळी प्रत्येक हेडसेट आपापल्या चार्जरवर बसायचा, म्हणून सकाळ शहाणी.

"म्हणजे चूक माझी?" अनारकुल फणकारली.

"तुझी कसली? तुझ्या वयाची."

आता थोरल्यांना मान देणं काही बंद करता येत नाही. एजेने भिंतीत सहा खिळे ठोकले. माणसाने खुशाल सरकावं, हेडसेटने खिळ्यावर राहावं.

शुक्रवारी थंडी उणे एकतीस अंश. बाजाराजवळचा मोठा पाइप फुटला आणि साही फोन एकदम बोंबलू लागले. त्यातच ऐन चहाला एक पांढऱ्या दाढीचे आजोबा तक्रार घेऊन आले. सगळ्याजणी उठल्या, सरकल्या, आजोबा मानाच्या जागी बसले. चहा उरकून हेडसेट कानाला लागले आणि एकही फोन चुकला नाही. उल्कान तर हेडसेट लावूनच तळघरातल्या पंपघरात उतरली. तिथून बोलत बोलत तिने बाजाराजवळच्या मिस्त्रीला दिशा सांगितली. झडप बंद झाली, दुसऱ्या लाइनने गरम पाणी सुटलं, संध्याकाळच्या आत घरं तापली.

पेट्या न्यायला आलेले मेदेरबेक साहेब दारात उभेच राहिले. "एजे, हे... चालतंय की!"

"साहेब, तळघरात जाऊन आलेच मी. फायली ठीक आहेत."

पोरी फिदीफिदी हसल्या. अनारकुलने दारापासून लांबची आपली खुर्ची मागे ओढली. "बस इथे. आज वय राहू दे बाजूला."

उल्कान आधी खिळ्याकडे गेली, हेडसेट टांगला आणि मग मानाच्या जागी बसली. मान ताठ करून. थोडी डावीकडे झुकली होती म्हणा, पण तेवढी सव्वीस वर्षांची आठवण.