डाव्या कानाची पाळी

मुलगी झाली तेव्हा माझी आई आमच्याकडे तीन महिने राहिली. मग वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिला परत जावं लागलं. जाताना ती दारात रडली. मी तिची बॅग लिफ्टपर्यंत नेली, घरात आले आणि पंख्याचं बटण दाबलं. रडायला हवं होतं हे कळत होतं.

मला त्या दिवसांत काहीच वाटत नसे. वाईटही नाही, चांगलंही नाही. मुलगी रडली की शेजारच्यांचा मिक्सर ऐकू यावा तशी ऐकू यायची. अंघोळ आई घालायची, ढेकर आई काढायची, झोपवायचीही आई. मी पाजायचे आणि परत तिच्या हातात द्यायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, नशीबवान आहेस हो, आईच सगळं करतेय. करत होतीच. मुलगी मला नकोशी होती असं अजिबात नाही. आवडण्या-नावडण्याचं दुकानच बंद होतं, त्याला मी तरी काय करणार? पुढे डॉक्टरीणबाईंनी या प्रकाराला एक नाव दिलं आणि गोळ्या दिल्या, पण ते बरंच नंतर. तेव्हा मला एकच भीती होती. आपल्याला या मुलीबद्दल काही वाटत नाही, काही ठाऊकही नाही, हे कुणाला तरी कळेल.

रजा संपत आली होती. मी गाड्यांच्या विम्याचे क्लेम तपासते, म्हणजे कोण खोटं बोलतंय हे ओळखायचा मला पगार मिळतो. मुलीला सांभाळायला बाई शोधायची तर हे कसब कामाला येईल असं नवऱ्याला वाटत होतं. मी मोबाइलवर चोवीस प्रश्नांची यादी उतरवून घेतली. सोसायटीतल्या बायकांना सांगून ठेवलं, एका ब्युरोतही नाव दिलं.

पहिली आली ती नवऱ्याला घेऊन. सगळी उत्तरं तोच देत होता. मी शेवटी त्यालाच विचारलं, बाळाला आपण सांभाळणार का? दुसरीने दुपारी टीव्ही लावला तर चालेल का ते आधी विचारलं. प्रामाणिक होती, पण चालणार नव्हतं. तिसरीने मुलीला उचललं, वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, किती बारीक आहे हो, अंगावरचं पुरत नाही वाटतं. तिला मी लिफ्टचा रस्ता दाखवला. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय.

चौथ्या मावशी. मूळच्या लोणी काळभोरच्या, आता आमच्या बिबवेवाडीतच राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. आल्या, बाथरूम कुठे विचारलं, हातपाय धुतले आणि पुसून खाली बसल्या. खुर्ची दाखवली तर म्हणाल्या, पोरांचं काम खालीच असतंय. मुलगी माझ्या मांडीवर मलमलच्या कापडात गुंडाळलेली होती. तिला त्यांनी मागितलंच नाही.

माझ्या चोवीसपैकी एकही प्रश्न विचारायची वेळ आली नाही, कारण त्याच विचारायला लागल्या. कुशीवर झोपते का पाठीवर? शी रोज होते का? भूक लागली की कशी रडते, आणि झोप आली की कशी? मी "साधारण", "तसं काही नाही", "दोन्हीही" असं काहीबाही बोलत राहिले. असली उत्तरं कुणी मला क्लेमवर दिली असती तर मी फाइल बाजूला काढून ठेवली असती. नवरा डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. त्याचं टाइप करणं थांबलं होतं.

मग मावशींनी विचारलं, "झोपवता कशानं तुम्ही हिला?"

तुम्ही, म्हणजे मी. खरं उत्तर होतं, मी झोपवत नाही. आई झोपवायची, काहीतरी गुणगुणत, आणि मी तेव्हा दुसऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. आई गेल्यापासून नवरा खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होता. मी खाली पाहिलं. कापडातून मुलीचा फक्त एक कान बाहेर आला होता.

"डाव्या कानाची पाळी चोळली की झोपते," मी म्हणाले.

मावशींनी मान डोलावली. "बरं झालं सांगितलं," म्हणाल्या, आणि मग हात पुढे करून मुलीला घेतलं.

त्या गेल्यावर नवरा माझ्याशेजारी येऊन बसला. हे कानाचं कधी शोधलंस, त्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकं हायसं वाटलेलं दिसत होतं की, असंच सापडलं, असं मी सांगून टाकलं. त्याने लगेच करून पाहिलं. मुलगी टक्क जागी. माझा हात थंड असेल, असं म्हणून त्याने दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि परत पाहिलं. मी चहा टाकायला उठले.

मावशी सोमवारपासून यायला लागल्या. पहिला आठवडा मी घरीच होते आणि माझी चोराच्या मनात चांदणं अशी गत झाली होती. दुपारी मुलीला झोपवताना त्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या. कुणी बघत असलं की पोर झोपत नाही, म्हणायच्या. आत रडणं चालायचं, कधी अर्धा-अर्धा तास, मग थांबायचं. त्या बाहेर आल्या की मी विचारायचे, झोपली? झोपली की, कान चोळला. रोज हेच. मला वाटायचं, ही बाईही खोटंच बोलतेय. एका घरात दोन खोटारड्या आणि मध्ये एक पोर. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो कधी बसतो याची मी वाट बघत होते. पुढच्या आठवड्यात मी ऑफिसला जायला लागले. तिथेही फोन वाजला की वाटायचं, मावशी असतील, आता म्हणतील, ताई, तुम्हाला तुमच्या लेकीचं काहीच ठाऊक नाही. फोन कधी आला नाही.

रविवारी मावशींची सुट्टी. तीनेक आठवडे झाले असतील. मुलीच्या अंघोळीचं घंगाळ गळायला लागलं होतं म्हणून नवरा ते घेऊन कसब्यात तांबट आळीत गेला होता. दुपारी मुलगी उठली आणि रडायला लागली. घरात दुसरं कुणी नाही, असं तोवर एकदाही झालं नव्हतं. मी पाजलं. लंगोट बदलला. खांद्यावर टाकून बाल्कनीपर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारल्या. गाणं म्हणायचा प्रयत्न केला आणि मलाच लाज वाटली. ती लालबुंद झाली होती. मला घाबरायलाही येत नव्हतं. सरतेशेवटी मी खाली बसले, तिला मांडीवर घेतलं आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिच्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळायला लागले.

ती थांबली. एक लांब हुंदका आला, डोळे अर्धे मिटले, आणि झोपली.

मला भरून वगैरे आलं नाही. खरं सांगायचं तर आधी रागच आला. हे खोटं होतं, मी बनवलेलं होतं, ते असं कसं चालेल? मग पायाला मुंग्या आल्या, पाय बधिर झाला. मी हलले नाही. नवरा दुरुस्त झालेलं घंगाळ घेऊन आला तेव्हा दीड तास झाला होता आणि मी तशीच बसले होते. प्रेम वाटत होतं म्हणून नव्हे. हलू नये एवढंच वाटत होतं. पण बऱ्याच महिन्यांत तिच्यासाठी मला वाटलेलं ते पहिलं काहीतरी होतं.

नंतरचं हळूहळू झालं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. गोळ्या होत्या, दिवस जात होते. मुलगी रांगायला लागली, चालायला लागली. झोप आली की माझ्यापाशी येऊन मान तिरकी करायची आणि कान पुढे करायची. मला कधी बरं वाटायचं, कधी काहीच वाटायचं नाही. पण हात आपोआप जायचा.

मुलगी पावणेदोन वर्षांची असताना मावशींनी काम सोडलं. त्यांची लेक बाळंतपणाला येणार होती. शेवटच्या दिवशी त्यांनी नव्या बाईला समोर बसवून सगळं समजावलं. वरणात तूप कोमट लागतं, पंख्याखाली झोपत नाही, कुत्र्याला भीत नाही तर लक्ष ठेव. मी दारात उभी राहून ऐकत होते. त्यातलं बहुतेक मला ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

"आणि झोपताना डावा कान," मावशी म्हणाल्या. "ते तिच्या आईनं लावलेलं हाय. त्यात माझं काही नाही."

त्यांना सोडायला मी लिफ्टपर्यंत गेले. आईची बॅग धरून उभी होते त्याच जागी. म्हटलं, आता सांगून टाकावं.

"मावशी, ते कानाचं मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळलं. कानाला हात लावला की उलट जास्तच रडायची. मग मी खांद्यावर घेऊन झोपवायची आणि कान चोळत राहायची. लई दिवस लागले सवय लागायला."

पण कशाला, मी विचारलं. तोंडावर सांगायचं होतं की खोटं आहे म्हणून.

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही तिच्याबद्दल तेवढं एकच सांगितलं होतं, ताई. ते बी खोटं पाडायचं व्हय?"

लिफ्ट आली. त्या आत गेल्या, मी दार लावलं. घरात मुलगी डोळे चोळत उभी होती आणि नवी बाई तिला घ्यायला वाकली होती. मी बाईला म्हटलं, आज राहू द्या, आणि खाली मांडी घातली.