न मोडणाऱ्या बाकांची तक्रार

एकतीस वर्षांत त्याचा एकही बाक मोडला नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि समोरचा ऐकतोय की नाही हे न बघता सांगायचा. शाळेच्या मैदानामागे पत्र्याची शेड. आत कामाचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या करवती, पटाशा, दोन रंधे, आणि पायाखाली घोट्यापर्यंत भुसा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. घरी बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना 'आमचे मिस्त्री' असंच म्हणायची.

धंदा तो सासऱ्याकडे शिकला. आधी त्याच्या हाताखाली राबला, मग जावई झाला. शिव्या त्याच राहिल्या, फक्त जेवायला बसताना पाट मिळू लागला. म्हातारा गेला तेव्हा मिस्त्रीकडे हत्यारांची पेटी आली आणि मापाची एक सागवानी काठी. काठीवर तीन खाचा: पहिली बसायच्या फळीची उंची, दुसरी लिहायच्या फळीची, तिसरी पाठीची. मिस्त्रीने बाकाला फूटपट्टी कधी लावलीच नाही. काठी उभी करायची, पेन्सिलीने रेघ मारायची, करवत चालवायची. पाचवीचा बाक तोच आणि दहावीचाही तोच.

गेल्या वर्षी शाळा समितीत चार विद्यार्थी आले, तेही मतासकट. ते मत कुणी ताटात वाढून दिलेलं नाही. त्यासाठी चारदा अर्ज झाले, दोनदा धरणं झालं आणि एकदा मुख्याध्यापिकाबाईंच्या दारात कडाक्याचं भांडण झालं. शेवटी मोठ्यांनी मान डोलावली ती या भरवशावर की पोरं मागून मागून काय मागतील, खेळाचा एक जादा तास. पोरांना काय टोचतं हे त्यांना विचारायची सवयच कुणाला नव्हती, त्यामुळे उत्तराची भीतीही नव्हती.

त्या वर्षी दोन वर्ग वाढले आणि साठ नव्या बाकांचा विषय समितीपुढे आला. दरवेळची रीत अशी की विषय वाचायचा, कुणीतरी 'मिस्त्रीच' म्हणायचं आणि चहा यायचा. मिस्त्री दाराजवळच्या खुर्चीत त्या चहासाठीच बसला होता. पण यावेळी सातवीतली एक मुलगी उभी राहिली. अंगाने काडी आणि बोलणं टोकदार, म्हणून वर्गात तिला टाचणी म्हणत.

"मिस्त्रीकाकांचे बाक मोडत नाहीत, हीच तक्रार आहे," ती म्हणाली. "मोडले असते तर कधीच बदलले असते."

कोणीतरी हसलं. मिस्त्री हसला नाही. टाचणीने वही उघडली. चौघांनी मधल्या सुट्टीआधी वर्गावर्गात फिरून बाकांखाली वाकून बघितलं होतं. पाचवी-सहावीच्या दोनशे मुलांपैकी एकशे चौसष्ट जणांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने पुढे सांगितलं की तासभर पाय लोंबकळले की मुंग्या येतात, मुंग्या आल्या की पोरं चुळबुळ करतात, चुळबुळ केली की सर उभं राहायची शिक्षा देतात, आणि उभं राहिलं की जरा बरं वाटतं. मग मुद्दाम चुळबुळ करणारेही आहेत, त्यांची नावं मात्र ती सांगणार नाही.

मिस्त्रीने ऐकवलं की पोरांना नीट बसता येत नाही, त्याला लाकूड काय करणार. त्यावर तिने त्याला एक तास वर्गात बसून बघायला सांगितलं. तो म्हणाला, हजारदा बसलोय, आपलेच बाक आहेत.

"तुमचे पाय टेकतात, काका. आम्ही तुमच्या बाकाखाली विटा लावतो."

निर्णय आठवड्यावर ढकलला गेला. दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात एका बाकाखाली विटा रचल्या होत्या, मिस्त्रीचे पाय बरोबर वीतभर अधांतरी राहतील अशा. चालू होता भूगोल. अर्ध्या तासात मिस्त्रीने चारदा बूड हलवलं. मागून कोणीतरी सरांच्या आवाजात म्हणालं, मिस्त्रीकाका, चुळबुळ नको. वर्ग हसला, सरही हसले. तो घंटेपर्यंत बसला, उतरला, पायांत जीव येईपर्यंत बाकाची कड धरून उभा राहिला आणि कुणाकडे न बघता शेडकडे गेला.

त्याचं काय जाणार होतं हे त्याला नीट कळत होतं. काम तयार बाक विकणाऱ्या कारखान्याकडे गेलं की शेड शाळा परत घेणार, आणि तो उरणार दाराच्या कड्या बसवण्यापुरता. एकतीस वर्षांच्या बोलण्याचं काय, हा भाग तर वेगळाच.

संध्याकाळी जेवताना त्याने बायकोपुढे सगळं ओकलं. कालची कार्टी, दुधाचे दात पडले नाहीत आणि मला माप शिकवतात. माप तुझ्या बापाचं आहे, माझं नाही. बायको शांतपणे जेवत होती. कुठली काठी वापरता, एवढंच तिने विचारलं. कुठली म्हणजे काय, भिंतीवरची, लांब.

"ती कचेरीच्या बाकांची," ती म्हणाली. "लोक अर्ज घेऊन ताटकळत बसायचे ना, त्यांच्यासाठी बाबांनी केलेली. शाळेची आखूड होती."

"आखूड कुठे होती?"

"होती की. पहिल्याच वर्षी तुम्ही सरस ढवळायला घेतलीत."

ते मिस्त्रीला आठवलं. मोडक्या काठीचा तुकडा समजून त्याने ती डब्यात बुडवली होती आणि सरस वाळून जाड झाल्यावर बंबात घातली होती. त्याने विचारलं, मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस. तिला वाटलं होतं, माप पाठ झालं असेल. तो हात धुवायला उठला. ताटात निम्मं जेवण तसंच होतं.

हे नवरा-बायको सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प राहून चार बोटं कमी करून देतो म्हणाला असता तरी चाललं असतं. पुढच्या बैठकीत कारखान्याच्या माणसाने गुळगुळीत कागदाचं पुस्तक सगळ्यांपुढे फिरवलं. टाचणीने त्यात लहान-मोठी मापं शोधली; एकच माप होतं. मग मिस्त्री उभा राहिला आणि दोन काठ्यांची हकिकत जशीच्या तशी सांगितली. सरसाच्या डब्यासकट. या वेळी कुणी हसलं नाही, ते त्याला जास्त झोंबलं.

टाचणीने विचारलं, "एवढ्या वर्षांत कुणीच सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगायची की पोरं," तो म्हणाला. "मी म्हणायचो, नीट बस."

मतदान झालं. साठ बाक त्याला मिळाले नाहीत. मिळाला पाचवीचा एक वर्ग, तीन उंचींमध्ये. वर्षाच्या शेवटी पोरं बसून सांगतील, मग बाकीचं. एकतीस वर्षांनंतर परीक्षा घेता का, म्हणून तो मुख्याध्यापिकाबाईंवर चांगलाच भडकला. त्यांनी विद्यार्थ्यांकडे बोट दाखवलं. तिकडे तो भडकू शकला नाही.

सोमवारी तो खडू आणि टेप घेऊन पाचवीत गेला आणि गुडघ्यांवर बसून टाचेपासून गुडघ्याच्या खळगीपर्यंत एकेकाचं माप घेऊ लागला. तिथे नवीनच भानगड निघाली. लहान बाक कुणालाच नको होता. 'लहान' म्हटलं की पोरं टाचा उचलत होती. एकीने तर चपलेत वही घातली होती. मिस्त्री ओरडून दमला, टाच टेक, टाच टेक. शेवटी काम थांबवून त्याने समितीकडे निरोप धाडला की बाकांना लहान-मोठं म्हणायचं नाही, दुसरं काहीतरी ठरवा, त्याशिवाय करवत लागणार नाही.

विद्यार्थ्यांनी रंग द्यायचे ठरवले. कोणत्या उंचीला कोणता, यावर दोन बैठका झाल्या आणि तिसरी बोलावली गेली. मिस्त्री तिन्ही उंचींचे पाय कापून बसला होता. शेडच्या दारात उभ्या असलेल्या टाचणीला तो म्हणाला, एवढ्या वेळात मी अख्खी शाळा बसवली असती. ती म्हणाली, बसवली होतीच की, काका. आणि हिरव्यावर अजून एकमत नाही हे सांगून वर्गात पळाली.